रंकाळ्याकाठचा फळा : उन्हाळी अंदाजाच्या नोंदी

२३ एप्रिल, गुरुवार

हवामान खात्याचा विस्तारित पल्ल्याचा अंदाज दर गुरुवारी येतो, म्हणून वही आजच उघडली.

काठावर अंदाजाचा फळा लावायच्या या कामाचं मूळ गेल्या उन्हाळ्यात आहे. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या चौपाटीवरच्या भेळवाल्या मावशींचा गाडा वाऱ्यानं आडवा झाला. ताडपत्री उडून तळ्यात गेली, बरण्या फुटल्या, चिरमुऱ्याच्या पोत्याचा लगदा झाला. त्या दिवशी सकाळी पेपरात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असं आलं होतं आणि मावशींनी ते वाचलंही होतं. दुसऱ्या दिवशी काचा वेचता वेचता त्या म्हणाल्या, “तुरळक म्हंजे चार थेंब पडत्याल, असं वाटलं ओ बाई मला.”

अकरावी-बारावीला मी भौतिकशास्त्र शिकवते. खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत माझाही समज तोच होता. घरी येऊन अर्थ शोधला. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ हे पावसाचं माप नसून पसाऱ्याचं माप आहे. एखाद्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होईल असं वाटलं की ‘तुरळक ठिकाणी’. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, ७५ पर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’. पाऊस रिमझिम येणार की गाडा उलथून टाकणार, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. शब्द आपल्या जागी बरोबर आहे. बोलीत मात्र ‘तुरळक’ म्हणजे थोडंसं, विरळ. या दोन अर्थांच्या मधे मावशींचा गाडा सापडला.

म्हणून या उन्हाळ्यात दर रविवारी संध्याकाळी टपरीच्या भिंतीवर एक फळा लावायचा ठरवलं. त्यावर पुढच्या सात दिवसांचा अंदाज, काठावर बसणाऱ्यांना आणि फिरायला येणाऱ्यांना कळेल अशा शब्दांत. अंदाज आपण करायचा नाही, तो खात्याचाच. आपण तो काठाच्या बोलीत उतरवायचा आणि काठावरची मोजमापं शेजारी लिहायची. वर्गातल्या दोन मुली आणि एक मुलगा सुट्टीत मदतीला आहेत.

२४ एप्रिल, शुक्रवार

पहिली चूक पहिल्याच दिवशी. तापमापकाची पेटी आम्ही घाटाच्या दगडी पायऱ्यांलगत उभी केली, कारण तिथून फळा जवळ. दुपारी ३ वाजता पारा ३९.५. त्याच वेळी राजारामपुरीत माझ्या घराच्या गच्चीवरची दुसरी पेटी ३८.५ दाखवत होती. तळ्याकाठी गावापेक्षा जास्त? मुलं खूश झाली, काहीतरी शोध लागला म्हणून. शोध दगडाचा होता. आपला काळा दगड दिवसभर तापतो आणि वर झळा सोडतो, आम्ही त्या झळा मोजत होतो.

पेटीचे नियम साधे आहेत आणि त्यातला एकेक कशासाठी आहे ते आज कळलं. पांढरा रंग, चारी बाजूंना झडपा, जमिनीपासून सव्वा मीटरच्या वर, खाली गवत किंवा माती, आणि दार उत्तरेला, म्हणजे उघडल्यावर ऊन थेट पाऱ्यावर येत नाही. बातम्यांत येतं ते तापमान असं सावलीतलं, वाऱ्यातलं, गवतावरचं असतं. घाटावर अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला लागतं ते वेगळंच. हे फळ्यावर लिहायलाच हवं.

संध्याकाळी पेटी हिरवळीवर हलवली.

२५ एप्रिल, शनिवार

दुपारी ३ च्या नोंदी: गच्ची ३८.५, रंकाळा ३७, कळंबा तलावाच्या काठावर ३६.५. कळंब्याला मुलगा सायकलवरून तिसरा तापमापक घेऊन गेला होता. तळ्याकाठचा गारवा आकड्यात मोजला तर दीड-दोन अंशांचा, आणि तोही पाण्यावरून वारा आपल्याकडे येत असेल तेव्हाच. दुपारपर्यंत वारा इकडून तिकडून, उनाड. चार-साडेचारनंतर तो पश्चिमेचा झाला, फुलेवाडीकडून पाणी ओलांडून गावाच्या बाजूला आला, आणि मग राजघाटावर बसलेल्यांना बरं वाटायला लागलं. त्याच वेळी पलीकडच्या काठावर तोच वारा पाण्याला न शिवता पोचत होता. एकाच तळ्याचे दोन काठ, दोन उन्हाळे.

पाणी बरंच खाली गेलंय. संध्यामठ पावसाळ्यात निम्मा बुडालेला असतो, आता खांब खालपर्यंत उघडे पडलेत.

२६ एप्रिल, रविवार

आज फळा लिहिला. एवढ्याशा मजकुराला तीन तास लागले.

खात्याचा अंदाज असा: आठवड्याच्या सुरुवातीला कोरडं हवामान, कमाल तापमानात फारसा बदल नाही, बुधवार-गुरुवारी मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह पाऊस. जिल्ह्यासाठी पिवळा इशारा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा.

मुलांना कारण समजावं म्हणून पाटीवर नकाशा काढला. एप्रिल-मेमध्ये विदर्भापासून मराठवाडा आणि कर्नाटकातून खाली दक्षिणेकडे एक कमी दाबाची द्रोणीय रेषा वारंवार तयार होते. तिच्या आसपास अरबी समुद्रावरची दमट हवा आणि आतल्या भागातली कोरडी हवा समोरासमोर येतात. दिवसभर तापलेली जमीन खालची हवा वर ढकलते. दुपारी तीननंतर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग फुगतात, त्यांतला एखादाच वाढत वाढत वर जाऊन ऐरणीसारखा पसरतो, आणि तो बरसतो. जिल्ह्याच्या आभाळात असे दोन-चारच. म्हणून ‘तुरळक’. आणि जो बरसतो तो बारीक बरसत नाही. म्हणूनच वळीव.

फळ्यावर शेवटी आलेला मजकूर:

“सोम-मंगळ: कोरडं, कडक. सावलीत ३८ च्या आसपास. दुपारी १२ ते ४ घाटाचा दगड टाळा. बुध-गुरू: दुपारी ३ ते रात्री ८ या वेळेत वळवाची शक्यता. सगळीकडे येणार नाही, चार गावांत एखाद्या गावात. पण जिथं येईल तिथं वारा आधी आणि जोरात. पूर्वेला आभाळ काळं झालं की ताडपत्री सोडून घ्या. शुक्र ते रवि: ढगाळ-उघडं, उकाडा.”

‘चार गावांत एखाद्या गावात’ यावर बराच वाद झाला. थोरली म्हणाली, “मॅडम, केंद्रं म्हणजे गावं नव्हेत.” बरोबर आहे तिचं. पण २५ टक्के म्हटल्यावर लोक ‘चार आणे पाऊस’ असं समजतील ही माझी भीती. गावांवर ठरलं.

रोज सकाळी फिरायला येणारे फुलेवाडीचे आबा फळा वाचून म्हणाले, “उद्यापास्नं भरणी लागतीया. बघूया, भरणी काय करतीया.” सूर्य २७ एप्रिलला भरणी नक्षत्रात जातो. आबांचं कॅलेंडर सूर्यावरच चालतं आणि आमचंही. “पूर्वेला काळं झालं की” हे वाक्य त्यांनीच घालायला लावलं: पावसाळ्याचा पाऊस पश्चिमेच्या गगनबावड्याकडनं येतो, वळीव बहुतेक उलट्या अंगानं.

२७ एप्रिल, सोमवार

३८ अंश. कोरडं. लिहिल्याप्रमाणे.

२८ एप्रिल, मंगळवार

आज मोजण्यासारखं काहीतरी सापडलं. संध्याकाळी सातला वारा पडला. काठावर बसलेली माणसं पदरानं, रुमालानं वारा घेत होती. एक आजोबा चिडूनच म्हणाले, “तळ्यावर यायचं कशाला मग, घरी पंखा तरी हाय.”

साधा तापमापक काठावर ३१, गच्चीवर ३१.५. म्हणजे काठ किंचित गारच. पण ओल्या मलमलीत गुंडाळलेला तापमापक काठावर २५.५ आणि गच्चीवर २३.५. ओल्या फडक्यातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून त्याचा पारा खाली येतो. हवेत आधीच बाष्प असेल तर पाणी कमी उडतं आणि पारा कमी उतरतो. माठाचं तेच, घामाचंही तेच. तक्त्यात बघितलं तर काठावर आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर आणि गच्चीवर पन्नासच्या आसपास. वारा असतो तोवर तळं देतं ते सुख, वारा पडला की तेच तळं आपल्या अंगावरचा घाम सुकू देत नाही.

दुपारी ३ ला गच्चीवर हाच जोड ३८ आणि २३ होता. चटका जबरदस्त, पण घाम लगेच उडत होता. म्हणून कोल्हापूरची दुपार माणूस सावलीत ताक पिऊन काढतो. पण त्या कोरडेपणात फसवणूकही आहे: घाम दिसत नाही, म्हणून किती पाणी गेलं ते कळत नाही. घाटाच्या डागडुजीला आलेल्या गवंड्यांना आज थोरलीनं हे समजावून सांगितलं, मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. तिचं ते बोलणं ऐकून मला फार बरं वाटलं.

लाटेबद्दल एक नोंद. सपाट प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान किमान ४० असावं लागतं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, सह्याद्रीच्या जवळ. इथं पारा चाळिशीच्या अलीकडेच घुटमळतो. म्हणजे ‘लाट नाही’ हे बहुतेक वेळा खरं. पण पायऱ्यांवर दगड फोडणाऱ्या माणसाला ३८ चं ऊन सहा तास सोसावं लागतं, त्याची नोंद लाटेच्या व्याख्येत होत नाही. पुढच्या फळ्यावर त्यांच्यासाठी वेगळी ओळ लिहायची.

२९ एप्रिल, बुधवार

आज आमचा फळा चुकला. चुकला असंच लिहिते.

दुपारी साडेतीनला पूर्वेला ढग उभे राहिले. पाचपर्यंत काळेभोर. मावशींनी फळ्यावरचं वाक्य पाळलं: ताडपत्री सोडली, गाडा आवरला, भेळेचा मांडलेला माल परत भरला आणि घरी गेल्या. शेजारच्या दोघा भडंगवाल्यांनी त्यांचं बघून तेच केलं. आणि काठावर एक थेंब नाही. साडेसहाला आभाळ मोकळं, सुरेख वारा, आणि गर्दी नेहमीपेक्षा जास्त. कागलला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला: तिथं अर्धा तास धो धो.

म्हणजे अंदाज खरा ठरला आणि आम्ही चुकलो. चार गावांतलं एक गाव कागल होतं. मावशींची मात्र आजची कमाई गेली. एका संध्याकाळच्या भेळेवर त्यांच्या घरचं काय काय अवलंबून असतं हे मला गेल्या वर्षीपासून ठाऊक आहे. मी रात्री त्यांच्या घरी गेले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “येतंय का न्हाई ते तुमाला बी कळत न्हाई, मला म्हाइत हाय. पर गाडा कवा आवरायचा ते तरी नीट सांगा की.”

झोपेपर्यंत हेच डोक्यात. आम्ही शक्यता सांगितली, कधी हलायचं ते सांगितलं नाही. पूर्वेला आभाळ काळं होणं ही फार लवकरची खूण आहे. तेवढ्यावर रोज दुकान बंद केलं तर मे महिना उपाशी जाईल.

परातीची नोंदही आजच. बाष्पीभवन मोजायला एक पसरट परात पाण्यानं भरून ठेवली होती. चोवीस तासांत १४ मिलिमीटर उतरलं, ते काही पटेना. सकाळी धाकटीनं लपून पाहिलं: कावळे आणि साळुंक्या ओळीनं पाणी पीत होत्या. हवामान केंद्रांवरच्या बाष्पीभवन पात्रावर तारेची जाळी असते, ती यासाठीच. आम्ही जाळी बसवली आणि शेजारी पक्ष्यांसाठी वेगळं पसरट भांडं ठेवलं.

३० एप्रिल, गुरुवार

सकाळी फळ्यावर खडूनं नवीन ओळी घातल्या, तीन पायऱ्या: 

“पूर्वेला ढग वाढले: नजर ठेवा, धंदा चालू द्या. गडगडाट ऐकू आला: ताडपत्री खाली, बरण्या खोक्यात, पण गाडा जागेवर. गार वाऱ्याचा पहिला झोत अंगावर आला: सगळं सोडा, पक्क्या छपराखाली जा. झाडाखाली नाही.”

विजेचा हिशोब तळाशी: वीज दिसल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा, तीनानं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर काठ सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत येऊ नका. उघडं पाणी आणि त्याकाठी उभा असलेला एकटा माणूस, विजेसाठी याहून सोपं लक्ष्य नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं. ते टपरीवाल्याच्या मोबाईलवर घालून दिलं.

४.१० ला ढग. आज कालच्यापेक्षा उंच, माथा पसरलेला. मुलगा गोव्याच्या रडारचं चित्र दर दहा मिनिटांनी बघत होता. लाल ठिपका हातकणंगल्याकडून सरकत येत होता.

५.०५ ला पहिला गडगडाट, चाळीस सेकंद. मावशींनी बरण्या खोक्यात भरल्या, पण दोन गिऱ्हाइकांना भेळ दिलीच.

५.२२ ला पंचवीस सेकंद. काठावरची माणसं उठायला लागली. आबांनी काठीनं पोरांना हाकललं.

५.३१ ला गार झोत. त्याचं कारण मी वर्गात शिकवते, पण अंगावर असं आज घेतलं. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत उडून जातो, त्या हवेला गार आणि जड करतो, आणि ती गार हवा जमिनीवर आपटून चारी बाजूंना पळते. म्हणून पावसाच्या आधी वारा. धुळीचा लोट तळ्यावर आला आणि पाणी एका क्षणात राखाडी झालं. ताडपत्री खाली होती. गाडा हलला, पण उभा राहिला, कारण मावशींनी दोन्ही चाकांना दगड लावले होते. हे आमच्या फळ्यावर नव्हतं, त्यांचं त्यांनी केलं.

पाऊस ५.४० ते ६.१५. मधे पाचेक मिनिटं बारीक गारा. पारा ३६ वरून २४ वर, अर्ध्या तासात. सगळे टपरीच्या पत्र्याखाली दाटीनं उभे होतो, पत्र्याच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि मातीचा वास. मावशी माझ्याकडे बघून हसल्या.

१ मे, शुक्रवार

सकाळी साडेआठला पर्जन्यमापकात २२ मिलिमीटर. पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ मोजतात. घराच्या गच्चीवर फक्त ६. दोन जागांमधे काही किलोमीटरच, आणि एवढा फरक. ‘तुरळक’ या शब्दाला यापेक्षा चांगलं उदाहरण मला शोधून सापडलं नसतं. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले.

तळ्यावर त्याचा परिणाम? कडेला गढूळ पाणी, पानं, प्लास्टिकच्या पिशव्या, रस्त्यावरची घाण वाहून आलेली. पातळीत डोळ्याला दिसेल असं काही नाही.

२ मे, शनिवार

जाळीखालच्या परातीनं चोवीस तासांत ८ मिलिमीटर गमावले. धातूची उथळ परात तळ्यापेक्षा जास्त तापते, म्हणून पात्रातला आकडा साधारण ०.७ नं गुणून तळ्याचा धरतात. म्हणजे साडेपाच मिलिमीटर. आकडा छोटा वाटतो. पण एका हेक्टर पाण्यावर १ मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. म्हणजे हेक्टरी रोज सुमारे ५५,००० लिटर पाणी हवेत. गुरुवारच्या २२ मिलिमीटरनं तळ्याची चारच दिवसांची उधारी फेडली. मुलं हा हिशोब करून बराच वेळ गप्प बसली होती.

रात्री साडेदहाला भुरभुर झाली. फळ्यावर नव्हती. नोंद केली.

३ मे, रविवार

आठवड्याचा ताळा. दोन दिवस वळवाची शक्यता लिहिली, काठावर एक दिवस आला. एक भुरभुर न सांगता आली. तापमान सातही दिवस अंश-दीड अंशाच्या आत. मावशी, दोघे भडंगवाले, टपरीवाला आणि आबा, सगळ्यांना विचारलं की फळा ठेवायचा का. तीन पायऱ्या ठेवा, असं सगळ्यांचं एकमत. ‘चार गावांत एखाद्या गावात’ आबांना आवडतं, टपरीवाल्याला पटत नाही. तो म्हणतो, आपलं गाव त्यात आहे का ते सांगा. ते आठवडाभर आधी कुणालाच सांगता येत नाही. ते फक्त त्या दुपारी, रडार आणि आभाळ बघून. म्हणून ठरलं: रविवारचा मजकूर आठवड्याचा, आणि फळ्याच्या उजव्या अंगाला एक चौकट, जी रोज दुपारी ३ ला पुसून नवीन लिहायची. पाळ्या मुलांनी वाटून घेतल्या.

६-७ मेला सूर्य कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होईल. राजघाटावर काठी रोवायची, लहान मुलांना बोलवायचं. ६ मे ही शाहू महाराजांची पुण्यतिथी. राधानगरीचा लक्ष्मी तलाव त्यांनी बांधायला घेतला, याच जिल्ह्याच्या उन्हाळ्याचा विचार करून. तेही मुलांना सांगायचं.

नवीन फळा:

“सोम ते बुध: कडक ऊन, सावलीत ३७-३८, संध्याकाळी पश्चिमेचा वारा, तो पडला की उकाडा. घाटावर काम करणाऱ्यांनी ११ ते ४ मधे दर अर्ध्या तासाला पाणी, तहान नसली तरी. गुरू ते शनि: दुपारनंतर वळवाची शक्यता, चार गावांत एखाद्या गावात. रोज ३ वाजता उजवीकडची चौकट वाचा. चाकांना दगड लावून ठेवा.”

शेवटची ओळ मावशींची. त्यांनी स्वतः खडू घेऊन लिहिली.